लुटारू कोण? : 'ले फ्युजितिफ' आणि संशयाचं तर्कशास्त्र

आज आपल्याला एका फ्रेंच विनोदी चित्रपटाबद्दल बोलायचं आहे. चित्रपटाचं नाव 'ले फ्युजितिफ', म्हणजे फरारी. साल 1986. लेखक-दिग्दर्शक फ्रान्सिस वेबेर, प्रमुख भूमिकांत जेरार देपार्दिये आणि पिएर रिशार, संगीत व्लादिमिर कोस्मा यांचं. साधारण दीड तासाचा, बँक लुटीपासून सुरू होणारा, पोट धरून हसायला लावणारा सिनेमा. आता यात तत्त्वज्ञानाच्या माणसानं बोलण्यासारखं काय आहे, असं तुम्ही विचाराल. माझं म्हणणं असं आहे की, या सिनेमानं एक जुना आणि अवघड प्रश्न फार स्वच्छ मांडला आहे. प्रश्न असा : माणसाचा पूर्वेतिहास हा पुरावा असतो का?

ज्यांनी सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. झाँ ल्युका हा नावाजलेला बँक दरोडेखोर. देपार्दियेचा तो धिप्पाड देह, रागीट चेहरा डोळ्यांसमोर आणा. शिक्षा भोगून तो तुरुंगातून सुटतो. आता पुरे, सरळ आयुष्य जगायचं, असं त्यानं ठरवलेलं आहे. त्याला पूर्वी पकडणारा पोलीस अधिकारी द्युरोक याचा यावर काडीइतका विश्वास नाही. ल्युका जातो कुठे? बँकेत. कशाला? खातं उघडायला. सरळमार्गी माणसाचं पहिलं लक्षण काय, तर बँकेत खातं! आणि नेमका त्याच वेळी त्याच बँकेत फ्राँस्वा पिन्योन नावाचा एक गृहस्थ तोंडावर मोजा ओढून लूटमार करायला शिरतो. हा पिन्योन म्हणजे पिएर रिशार. बेकार, भेदरलेला, धड पिस्तूलही धरता न येणारा. बायको वारलेली आहे, आणि त्या धक्क्यानं लहान मुलीची, झानची, वाचाच गेलेली आहे. तिच्यासाठी पैसे हवेत म्हणून हा उद्योग.

लूट इतकी गचाळ होते की तोवर पोलीस बाहेर येऊन उभे राहतात. घाबरलेला पिन्योन समोर दिसेल त्या माणसाला ओलीस धरतो. तो माणूस ल्युका. दोघं दारातून बाहेर पडतात. रस्त्यावर बंदुका रोखलेल्या. आणि पोलीस ओरडतात ते ल्युकाकडे बघून! हात वर करायचे ते त्यानं. त्यांच्या लेखी दरोडेखोर तो, आणि मोजा घातलेला हा बावळट बिचारा ओलीस. ल्युका सांगायचा प्रयत्न करतो. कुणी ऐकत नाही. तिथून दोघांनाही पळावं लागतं. वाटेत पिन्योनच्या हातून चुकून गोळी सुटते आणि ती ल्युकाच्या मांडीत बसते. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे या दोघांची, आणि नंतर त्या मुलीसकट तिघांची फरफट.

चोरी-लुटीच्या फ्रेंच चित्रपटांची एक मोठी परंपरा आहे. ज्यूल्स दासँच्या 1955 सालच्या 'रिफिफी'त चोरीचा प्रसंग जवळजवळ अर्धा तास चालतो, एकही संवाद नाही, संगीत नाही. आपण श्वास रोखून कारागिरी बघत राहतो. तिथे प्रश्न असतो, जमेल का? 1964 साली लुई द फ्युनेसच्या एका विनोदी सिनेमात एक दुकानदार, पैसे बुडाले म्हणून चिडून, बायकामुलांसह समोरच्या बँकेपर्यंत भुयार खणायला घेतो. तिथेही प्रश्न तोच. वेबेर काय करतो बघा. लूट पहिल्या काही मिनिटांतच संपवून टाकतो. जमेल का, हा प्रश्नच निकालात. उरतो दुसराच प्रश्न : लुटलं कोणी? आणि गंमत अशी की याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे, पिन्योनला आहे, ल्युकाला आहे. ज्यांच्या हातात बंदुका आहेत त्यांना मात्र ते ठाऊक नाही. सगळा विनोद या एका फटीतून येतो.

आता आपण पोलिसांना मूर्ख म्हणून मोकळे होऊ शकतो. पण थांबा. पोलीस खरंच मूर्ख आहेत का? त्यांच्या जागी उभे राहून बघा. बँक लुटली गेली आहे. दारातून दोन माणसं येतात. एकानं आजवर अनेक बँका लुटल्या आहेत, आजच तुरुंगातून सुटला आहे. दुसरा घामानं थबथबलेला, कुणीतरी ढकलून दिल्यासारखा चालतो आहे. तुम्ही पैज कुणावर लावाल? मी तर ल्युकावरच लावली असती. अनुमान वाजवी आहे. आणि तरीही चूक आहे. नुसतं चूक नाही, अन्यायाचं आहे. वाजवी असूनही अन्यायाचं कसं, हे या सिनेमाच्या मुळाशी आहे.

आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचं ठरलेलं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती. विद्यार्थ्यांना लगेच पुढचा प्रश्न विचारतात : मग जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणता येईल का? नाही येणार. का? तर लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा. त्यात अग्नी आहे, पण धूर नाही. धूर निघायला ओलं इंधन लागतं. ही जी लपलेली अट, तिला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. उपाधी लक्षात न घेता केलेलं अनुमान सदोष.

आता हे सिनेमाला लावा. 'जिथे ल्युका आणि बँक, तिथे दरोडा', ही पोलिसांची व्याप्ती. आजवर ती खरी ठरत आली. पण तिच्यात एक उपाधी होती : ल्युकाची इच्छा. तो इरादा, ते ओलं लाकूड, आता राहिलेलं नाही. बाहेरून दिसायला सगळं तेच आहे. तोच माणूस, तेच दणकट हात, तीच बँक. पण तो आता तापलेला गोळा आहे, धूर नसलेला. अडचण अशी की इच्छा डोळ्यांना दिसत नाही. पोलिसांच्या फायलीत ल्युकानं काय केलं ते सगळं आहे; त्यानं काय ठरवलं, याला त्या फायलीत रकानाच नाही.

बरं, कुणी म्हणेल की संभाव्यता तर जास्त होती ना? इथे मला एल. जोनाथन कोहेन या ब्रिटिश तत्त्वज्ञाचं एक कोडं आठवतं. 1977 सालच्या ग्रंथात त्यानं ते मांडलं. समजा, एका खेळाच्या मैदानात 1000 प्रेक्षक बसले आहेत. तिकिटं विकली गेली 499. म्हणजे 501 जण फुकटे. आता कुठल्याही एका प्रेक्षकाला उभं करा. तो फुकटा असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. मग काय, त्याच्याकडून पैसे वसूल करायचे? त्याच न्यायानं सगळ्या हजार जणांकडून करता येतील! आपलं मन लगेच म्हणतं, हे बरोबर नाही. का बरोबर नाही? कारण त्या माणसानं काय केलं, याबद्दल आपल्याकडे एक अक्षर नाही. आपल्याकडे आहे ते गर्दीबद्दलचं गणित. न्याय मागतो ते या माणसाचं, या दिवशीचं, हे कृत्य. ल्युकाच्या बाबतीत गर्दी वेगळी आहे, एवढंच. ती त्याच्याच जुन्या दिवसांची गर्दी आहे. कालचे ल्युका आजच्या ल्युकाविरुद्ध साक्ष देत उभे आहेत.

म्हणून मला वाटतं, वेबेरनं विनोदाचं हत्यार निवडलं ते योग्यच केलं. आंरी बर्गसाँचा हास्यावरचा प्रबंध 1900 साली आला. त्याचं म्हणणं सोप्या शब्दांत असं : जिवंत गोष्ट जेव्हा यंत्रासारखी वागते तेव्हा आपल्याला हसू येतं. रस्त्यावर खड्डा आला तरी त्याच चालीनं चालत राहणारा आणि पडणारा माणूस हास्यास्पद ठरतो, कारण जीवनाला लागणारा लवचीकपणा त्याच्यात नाही. आता या सिनेमात यंत्रासारखं कोण वागतं? वरवर बघता पिन्योन. अडखळतो, आपटतो, त्याच त्या चुका करतो. पण पिन्योन खरं तर सतत बदलत असतो, घाबरतो, जुगाड करतो, मुलीसाठी वाटेल ते सोंग घेतो. चाल न बदलणारं यंत्र आहे ती व्यवस्था. तिच्यात 'ल्युका' हे नाव घातलं की 'दरोडेखोर' बाहेर येतं. समोर मोजा घातलेला माणूस उभा असला तरी!

याच सूत्राचा एक अफाट प्रसंग मध्यात आहे. ल्युकाची जखम घेऊन दवाखान्यात जाता येत नाही, म्हणून पिन्योन त्याला एका म्हाताऱ्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेतो. झाँ कार्मेनं ही भूमिका केली आहे. डॉक्टरांची बुद्धी वयोमानानं भ्रमिष्ट झालेली. ते ल्युकाला कुत्रा समजूनच उपचार करतात! आपण हसून हसून बेजार होतो. पण जरा विचार करा, डॉक्टर आणि पोलीस यांच्यात फरक काय? दोघांनाही समोरचा माणूस दिसत नाही. आयुष्यभर ज्या गोष्टीची सवय झाली, तीच समोर दिसते. डॉक्टरांची सवय निरुपद्रवी आहे, उलट त्यांच्या हातून जखम बरी होते. पोलिसांच्या सवयीनं माणूस आयुष्यातून उठतो. हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवण्यात वेबेरची खरी समीक्षा आहे. तो भाषण करत नाही. एक भ्रमिष्ट माणूस दाखवतो आणि तुलना आपल्यावर सोपवतो.

बर्गसाँ आणखी एक गोष्ट सांगतो, आणि तिथे मात्र हा सिनेमा त्याच्याशी भांडतो. बर्गसाँच्या मते हसण्यासाठी हृदय काही क्षण बधिर व्हावं लागतं. करुणा आली की हसू गेलं. पण इथे झान आहे. तिला वाचा नाही, आणि तिचा जीव जडतो तो या रागीट दरोडेखोरावर. मुलगी प्रथम तोंड उघडते तीही त्याच्याशी बोलायला. त्या वेळी ल्युका गोंधळून जातो, आपण हसतो आणि घशात काहीतरी दाटून येतं. दोन्ही एकदम. मुलीला त्याचा पूर्वेतिहास माहीत नाही. तिनं फाइल वाचलेली नाही. सगळ्या सिनेमात तीच एकटी त्याला आजचा माणूस म्हणून बघते. तुम्ही म्हणाल, हा बालकांचा निष्पाप डोळा वगैरे जुनी युक्ती आहे. आहेच. त्यावर मी पुढे येणार आहे.

त्याआधी एक वंशावळ. तुरुंगातून सुटलेला बलदंड माणूस, त्याच्या मागावर पोलीस, आणि त्याच्याकडे आलेली आईविना लहान मुलगी. कुणाची आठवण झाली? व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझराब्ल', 1862. झाँ वालझाँ, जावेर आणि कोझेत. मराठी वाचकाला ही कथा साने गुरुजींच्या 'दुःखी'तून भेटलेली आहे. वालझाँ 19 वर्षं शिक्षा भोगून सुटतो, आणि त्याच्या खिशात पिवळा परवाना असतो, जो दाखवला की खानावळीची दारं बंद होतात. ल्युकाकडे तो परवाना नाही. त्याचा चेहराच परवाना आहे.

पण नुसतं साम्य दाखवून काय होणार? फरक महत्त्वाचा आहे. ह्यूगोच्या कादंबरीत एक प्रकरण आहे : शांमातिय नावाच्या एका गरीब माणसाला वालझाँ समजून पकडलं जातं आणि खटला उभा राहतो. खरा वालझाँ तेव्हा नाव बदलून, प्रतिष्ठित महापौर म्हणून राहतो आहे. तो गप्प राहिला तर सुटला. रात्रभर तो स्वतःशी झगडतो आणि सकाळी न्यायालयाकडे निघतो. भर कोर्टात सांगतो, वालझाँ मी आहे. लक्षात घ्या, त्याच्यापुढेही एका मुलीचा प्रश्न होता. कोझेतला आणायचं त्यानं तिच्या मरणपंथाला लागलेल्या आईला कबूल केलं होतं. तरी तो गेला.

'ले फ्युजितिफ'मध्ये ही जागा पिन्योनची आहे. ल्युकाची त्याच्याकडे मागणी एका वाक्याची : जा, आणि खरं सांग. आणि पिन्योनला ते जमत नाही. मुलीचं काय होईल? हा प्रश्न खोटा नाही. पुढे मुलीला सरकारी आश्रमात ठेवतातच, आणि तिथून तिला पळवून आणावं लागतं. म्हणजे ह्यूगोचा नायक जे करतो, ते वेबेरचा साधा माणूस करू शकत नाही. ह्यूगोच्या जगात सत्य सांगणारा उभा राहतो. वेबेरच्या जगात सत्य सगळ्यांना परवडत नाही. मला हा बदल फार प्रामाणिक वाटतो. अन्याय बऱ्याचदा दुष्टांमुळे टिकत नाही. जो बोलला तर प्रश्न सुटेल, त्याच्या घरी एक लहान मूल असतं म्हणून टिकतो.

आणि मग जे होतं ते बघा. सुरुवातीला निर्दोष असलेला ल्युका शेवटाकडे काय काय करतो? पोलिसांना चुकवतो, मारामाऱ्या करतो, खोटी कागदपत्रं मिळवायला जुन्या ओळखींकडे जातो, आश्रमातून मूल पळवायला मदत करतो, आणि इटलीच्या सीमेकडे निघतो. पिन्योन बाईच्या वेशात, मुलगी मुलाच्या वेशात, आणि ल्युका कुटुंबप्रमुख. द्युरोकला वाटत होतं हा पुन्हा कायदा मोडणार. मोडला की! भाकीत खरं ठरलं. पण कशामुळे? भाकितामुळेच.

रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1948 साली अशा भाकितांवर एक निबंध लिहिला. स्वतःलाच खरं करून घेणारं भाकीत, ही कल्पना त्यानं त्यात मांडली. आणि त्याचं पहिलं उदाहरण कुठलं असेल? बँक! एक चांगली चालणारी बँक असते. अफवा उठते की ती बुडणार. ठेवीदार धावत येतात, पैसे काढतात, आणि बँक खरंच बुडते. अफवा पसरवणारा संध्याकाळी म्हणू शकतो, बघा, मी सांगत होतो. मर्टनच्या गोष्टीत बँक बुडते, वेबेरच्या गोष्टीत बँकेच्या दारात उभा असलेला माणूस. सकाळी दोन्ही धडधाकट होते.

आता सिनेमाबद्दलच्या तक्रारी. नाहीतर ही आरती व्हायची, समीक्षा नाही.

पहिली तक्रार अशी की सिनेमा ल्युकाचा भूतकाळ पुसू बघतो आणि त्याच वेळी वापरूही बघतो. अडचणीतून सुटायला लागतात ती सगळी कौशल्यं त्याच्या जुन्या धंद्यातली. तो ज्यांना बडवतो त्यांच्या दुखण्याचा हिशेब कोण ठेवतो? आपण टाळ्या वाजवतो. म्हणजे दरोडेखोराचा बाहुबळ आपल्याला हवा, दरोडेखोर नको. हा प्रेक्षकाचा ढोंगीपणा सिनेमा उघडा पाडत नाही, त्याच्यावर जगतो.

दुसरी, बँकेतल्या माणसांचं काय? पिन्योन कितीही भोळा असो, समोरच्या कारकुनाला ते ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीनं हातात शस्त्र घेतलेला माणूस उभा आहे. त्याची भीती खरी आहे. सिनेमा त्या माणसांकडे पुन्हा वळून बघत नाही.

तिसरी सगळ्यांत गंभीर. वाचा गेलेली मुलगी, मेलेली आई, प्रेमळ पण हतबल बाप. या सगळ्यानं आपली सहानुभूती आधीच विकत घेतलेली आहे. प्रश्न खरा कठीण केव्हा झाला असता? ल्युका देपार्दियेइतका लोभस नसता, त्याच्यामागे कुठलीही झान लागली नसती, तो नुसता एक तिरसट, नावडता, शिक्षा भोगून आलेला माणूस असता तेव्हा. त्या दिवशी दरोडा त्यानं घातलेला नव्हता, हे तेव्हाही तितकंच खरं असतं. न्याय मिळायला माणूस गोड असावा लागत नाही. सिनेमा हे म्हणायच्या अगदी जवळ येतो, आणि मुलीचा हात धरून बाजूला सरकतो. मघाशी मी निष्पाप डोळ्याबद्दल म्हटलं ते यासाठी.

तरीही मी हा सिनेमा मोठा मानतो, त्याचं एक कारण नावांमध्ये आहे. वेबेरची एक खोड आहे, तो तीच नावं पुन्हा पुन्हा वापरतो. याच दोन नटांना घेऊन त्यानं 1983 साली 'ले कोंपेर' केला होता. त्यातही देपार्दियेचं नाव झाँ ल्युका आणि रिशारचं फ्राँस्वा पिन्योन. पण तिथला ल्युका पत्रकार आहे. पिन्योन तर त्याही आधी, 1973 च्या 'लांमेर्दर'मध्ये जाक ब्रेलनं केला, पुढे 1998 च्या 'ल दिने द कों'मध्ये जाक व्हिलरेनं. नाव एक, माणूस दर वेळी नवा. नवा सिनेमा सुरू झाला की मागच्या पिन्योनचं काहीही या पिन्योनच्या नावावर लावलं जात नाही. पोलिसांच्या दफ्तरात नेमकं उलटं आहे. तिथे नाव आलं की जुनी सगळी बाकी पुढे ओढली जाते. एका विनोदी लेखकानं आपल्या पात्रांना जी सवलत दिली, ती शिक्षा पूर्ण भोगून आलेल्या माणसाला समाज देत नाही.

1989 साली वेबेरनं हाच सिनेमा हॉलिवूडमध्ये निक नोल्टी आणि मार्टिन शॉर्ट यांना घेऊन पुन्हा केला. देश बदलला, भाषा बदलली, पोलिसांचा गणवेश बदलला; दारातला तो गैरसमज जसाच्या तसा चालला. त्यासाठी काही समजावून सांगावं लागलं नाही. कुठल्याही देशातल्या प्रेक्षकाला तो गैरसमज तत्काळ कळतो, कारण तो स्वतःही तोच करत असतो. घरात वस्तू हरवली की आपली नजर कुणाकडे जाते, हे प्रत्येकानं आपापल्या मनाला विचारावं. मी उत्तर मागणार नाही.

सिनेमा बघाल तेव्हा भरपूर हसा. फक्त बँकेच्या दाराचा प्रसंग आला की एक करा. आपल्याला खरं माहीत आहे म्हणून आपण पोलिसांना हसतो आहोत, हे लक्षात ठेवा. कॅमेरा आधी बँकेच्या आत होता, म्हणून आपण शहाणे. बाहेरच्या रस्त्यावर उभे असतो, तर आपणही ल्युकाकडेच बोट दाखवलं असतं. बाहेरच्या जगात आपल्यासाठी कॅमेरा आत गेलेला नसतो. तिथे आपल्या हातात एकच गोष्ट उरते : बोट दाखवायच्या आधी समोरच्याला विचारायचं, आणि तो सांगतो ते ऐकून घ्यायचं. ल्युका दारातच सांगत होता. आणि हो, तो ज्या कामासाठी बँकेत गेला होता, ते खातं काही शेवटपर्यंत उघडलं जात नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.